‘पुरेसे स्वच्छ’ या शेऱ्याखालची सही मागे घेण्याबाबत

दिनांक: १७ एप्रिल, शुक्रवार

प्रति,
मा. दूषण निवारण अधिकारी (अल्प पातळी),
किरणोत्सर्गी दूषण निवारण कार्यालय,
दुसरा मजला, मालाच्या लिफ्टशेजारी.

विषय: अर्जदाराने दि. ९ एप्रिल रोजी समाधान-पत्रावर केलेली सही रद्द समजून वरच्या खोलीच्या खिडकीकडील कोपऱ्याची रविवारपूर्वी मोजणी करण्याबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचे यापूर्वीचे पाच अर्ज. (त्यांतील मजकुरापैकी काही भाग खोटा आहे. खुलासा परिच्छेद ८ मध्ये.)
२) आपल्या कार्यालयाचा ‘पुरेसे स्वच्छ’ हा दाखला, दि. १० एप्रिल.

महोदय,

१. अर्जदार गेली अडतीस वर्षे धुलाई व इस्त्रीचे दुकान चालवतो. खाली दुकान, वर एक मोठी खोली व स्वयंपाकघर, मध्ये एक माणूस जेमतेम जाईल असा जिना. अर्जदाराची पत्नी हयात नाही. जावई जहाजावर नोकरीला असल्याने मुलगी व अकरा महिन्यांची नात अर्जदाराकडेच राहत असत. ‘असत’ असे लिहावे लागते, हीच मुळात तक्रार आहे. दोघी गेले नऊ आठवडे अर्जदाराच्या मेहुणीकडे एका खोलीत राहतात आणि अर्जदार दुकानाच्या मागच्या पडवीत झोपतो.

२. दि. ४ फेब्रुवारी रोजी रस्त्याच्या टोकाच्या यंत्रदुरुस्ती कारखान्यातून कामगारांचे तेवीस डगले धुण्यास आले. त्या कारखान्यात कोणीतरी जुने मोजमापाचे यंत्र छिन्नी लावून फोडले होते व आतली डबी फुटून भुकटी सांडली होती, हे कारखान्याने अर्जदारास सांगितले नाही. अर्जदाराने नेहमीप्रमाणे खिसे उलटे करून झटकले, कपडे धुतले, वाळवले, कडक इस्त्री केली आणि संध्याकाळी सहाला माल पोचता केला. एकाही डगल्यावर डाग राहिला नव्हता. आठवडाभर अर्जदार येणाऱ्या-जाणाऱ्याला हे कौतुकाने सांगत होता. भुकटी जी गेली ती दुकानाच्या फरशीवर, इस्त्रीच्या टेबलावर आणि सांडपाण्याच्या नळीत गेली.

३. दि. ११ रोजी आपले पथक आले. पथकप्रमुखांच्या हातात एक टकटक करणारे यंत्र होते. त्यांनी समजावून सांगितले की साध्या जमिनीवर, साध्या भिंतीवर, माणसाच्या अंगावरसुद्धा दोन-तीन ठोके असतातच, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. दुकानाच्या फरशीवर चौसष्ट ठोके निघाले. वर मात्र त्यांनी फक्त उंबऱ्यापाशी यंत्र धरले, तेथे तीन. दुकानाला सील लागले. वरच्या खोलीची साफसफाई खबरदारी म्हणून दुसऱ्या दिवशी दहा वाजता होईल, तोवर कशालाही हात लावू नका, असे सांगण्यात आले. मुलीने नातीला उचलले, दुपटी आणि बाटली एका पिशवीत कोंबली आणि तासाभरात घर सोडले. मागच्या गॅलरीला सील लागल्याने तिथे वाळत घातलेले तिचे फरशी पुसायचे फडकेही तिथेच राहिले.

४. दि. १२ रोजी साफसफाई झाली. महोदय, अर्जदाराने आयुष्यभर लोकांचा मळ काढला आहे. कॉलरवरचा घाम, उशीवरचे तेल, आजाऱ्याच्या चादरी, काय काय असते ते आपण विचारू नये. त्या कशाचीही अर्जदाराला कधी किळस आली नाही, कारण मळ हा कामाचा भाग आहे. किळस येते ती सफाईच्या नावाखाली केलेल्या घाणीची. आपले दोन गडी फडके गोल गोल फिरवत होते. फडके गोल फिरवले की मळ निघत नाही, फिरायला जातो. बाहेरून आत पुसावे, एकदा पुसले की घडी बदलावी, चारही घड्या झाल्या की फडके टाकावे, हे दुकानात नव्याने लागलेल्या माणसालाही पहिल्या दिवशी कळते. एकाने हातमोज्यानेच नाक पुसले आणि त्याच हातमोज्याने पुन्हा फरशी. काम उरकल्यावर बुटांवरच्या प्लास्टिकच्या पिशव्या फुटपाथवर काढून टाकल्या, त्या दोन दिवस वाऱ्याने इकडून तिकडे उडत होत्या. ओल्या फडक्यांच्या पिवळ्या पिशव्या जिन्याखाली एकोणीस दिवस पडून होत्या. त्यांना असा आंबूस वास सुटला की शेजारचा शिंपी दुकान बंद करून गेला. पथकात एकच व्यक्ती अशी होती जिला काम येत होते. त्या बादलीचे काम करणाऱ्या बाई. त्या फडके पिळायच्या आधी घडी मोडून बघत होत्या. त्यांच्याविषयी पुढे लिहावे लागणार आहे.

५. आता आकड्यांविषयी. दुकानाचे चौसष्टचे तेवीस झाले, तेवीसचे अकरा झाले, अकराचे फरशी खरवडून नऊ झाले. व्यवसायाच्या जागेची मर्यादा दहा. नऊ आला तेव्हा पथकप्रमुखांनी टाळीसाठी हात पुढे केला. अर्जदाराने विचारले की अकरा म्हणजे घाण आणि नऊ म्हणजे स्वच्छ, तर या दोहोंच्या मध्ये नेमके काय निघून गेले? त्यांनी उत्तर दिले, “दोन ठोके.” वरच्या खोलीत मात्र, जिथे आदल्या दिवशी उंबऱ्यावर तीन होते, तिथे साफसफाईनंतर सरासरी आठ निघाले. राहत्या घराची मर्यादा पाच. म्हणजे सफाई झाल्यावर खोली अस्वच्छ झाली. त्यानंतर आपल्या पथकाने ती आणखी दोनदा पुसली. आठ ते आठच.

यावर आपल्या कार्यालयाने जो उपाय शोधला तो वाचून अर्जदारास खरोखर ओकारी आली. खोली पुसून आठचे पाच होईनात, तेव्हा कार्यालयाने खोलीचा रकानाच बदलला. ‘निवासी’ खोडून ‘साठवणूक’ लिहिले. साठवणुकीची मर्यादा दहा. फरशी तीच, खिडकी तीच, भिंतीवर नातीने खडूने ओढलेल्या रेघा त्याच, पण लिपिकाने पेन फिरवल्याबरोबर खोली स्वच्छ! अर्जदाराने अडतीस वर्षे साबण, सोडा, गरम पाणी यांत फुकट हात भाजून घेतले. एक पेन घेतले असते तरी भागले असते.

६. अर्जदाराने आणखी सफाईची मागणी केली असता आपण दि. २० मार्चच्या पत्राने कळवले की यापुढची सफाई व्यवहार्य नाही, कारण होणाऱ्या लाभापेक्षा लागणारे श्रम जास्त आहेत. लाभ कसा मोजला ते पत्राच्या मागच्या बाजूला आहे. तेथे खोलीत राहणाऱ्यांची संख्या ‘अडीच’ दाखवली आहे. अर्जदार एक, मुलगी एक, नात अर्धी. विचारणा केली असता लिपिकांनी सांगितले की पाच वर्षांखालील मूल अर्धे धरण्याची पद्धत आहे, बसच्या तिकिटाला धरतात तशीच. महोदय, बसच्या तिकिटाचे ठीक आहे. परंतु अर्जदार व त्याची मुलगी फरशीवर पायाने चालतात आणि ही अर्धी व्यक्ती त्याच फरशीवर पोटाने सरकते, तळव्यांनी चालते, सांडलेला दाणा जिभेने उचलते, आणि कोणी पाहत नसेल तर नुसतीच फरशी चाटून बघते. मोजायचेच असेल तर ती त्या खोलीत दोन माणसांच्या वर भरेल. अर्धे धरायचे असेल तर अर्जदाराला धरावे, त्याचे तसेही थोडेच उरले आहे.

याच पत्रात आपण असाही दिलासा दिला आहे की सदर दूषण तीस वर्षांत आपोआप निम्मे होईल. त्या वेळी नात एकतीस वर्षांची असेल. तोवर तिला उचलून धरण्याची कार्यालयाची काही योजना असल्यास कळवावे.

एक गोष्ट अर्जदार प्रामाणिकपणे नमूद करतो. पथकप्रमुखांनी एकदा गंमत म्हणून आपल्या कार्यालयाच्या दारातल्या काळ्या ग्रॅनाइटच्या पायरीवर यंत्र धरून दाखवले. सात ठोके. म्हणजे राहत्या घराच्या मर्यादेप्रमाणे आपण रोज एक अस्वच्छ पायरी चढून स्वच्छतेचे दाखले द्यायला बसता. अर्जदाराने मागच्या अर्जात यावरून बरीच टिंगल केली होती. ती मागे घेतो. पथकप्रमुखांनी नंतर नीट समजावले की दगडातले दगडातच राहते, ते हाताला लागत नाही. भुकटीचे तसे नाही, ती पाण्यात विरघळते, फरशीच्या सांध्यात बसते, आणि ओल्या हाताला पुन्हा वर येते. नातीचे हात कायम ओले असतात. त्यामुळे आकडा किती, याइतकेच तो हाताला लागतो का, हेही महत्त्वाचे आहे, हे अर्जदारास समजले आहे. कार्यालयास समजले आहे किंवा नाही, याविषयी शंका आहे, कारण ओला कागद घासून बघण्याची चाचणी वरच्या खोलीत फक्त मधोमध एकदाच झाली.

७. दि. ९ एप्रिल रोजी अर्जदारास समाधान-पत्रावर सही करण्यासाठी बोलावण्यात आले. आपल्या कार्यालयाचे आवक-जावकाचे टेबल अर्जदाराने जवळून पाहिले. डिंकाने फायली एकमेकींना चिकटलेल्या, चहाच्या कपांची वर्तुळे एकात एक, आणि लिपिक ज्या फडक्याने टेबल पुसत होते ते फडके टेबलापेक्षा काळे. त्यांचा स्वभाव मात्र चांगला आहे. ते म्हणाले, “आजोबा, करा सही नि मोकळे व्हा. किती दिवस त्या पडवीत झोपणार? घर मिळेल, नात मिळेल, तुम्हालाही बरं आणि आम्हालाही बरं.” पत्राच्या पहिल्या पानावर ‘जागा पुरेशी स्वच्छ असून अर्जदाराचे समाधान झाले आहे’ असे होते. दुसऱ्या पानावर अट होती: वरची खोली साठवणुकीसाठीच वापरली जाईल व तेथे पाच वर्षांखालील मूल राहणार नाही.

अर्जदाराने दोन्ही पाने वाचली. चष्मा लावून वाचली. फसवून सही घेतली असे म्हणण्याची अर्जदारास सोय नाही. आठ आठवडे नातीला फक्त फोनवर पाहिले होते, ती आता भिंतीला धरून उभी राहते असे मुलगी सांगत होती, आणि अर्जदाराला वाटले की अट कागदावर राहील व मूल खोलीत राहील, कोण बघायला येते? असा विचार करून सही केली.

अर्जदाराच्या धंद्यात एक रीत आहे. एखादा डाग काही केल्या निघाला नाही, तर कपड्याला चिठ्ठी टाचून द्यायची: ‘डाग गेला नाही.’ गिऱ्हाईक रागावते, दुसरीकडे जाते, पण चिठ्ठी लावायचीच. कोणाच्या लग्नाच्या कोटाला लावली आहे, एका न्यायाधीशांच्या डगल्याला लावली आहे. अडतीस वर्षांत अर्जदाराने चिठ्ठी लपवून कपडा कधी दिला नाही. स्वतःच्या नातीचे घर मात्र चिठ्ठी न लावता दिले. त्या दिवसापासून अर्जदाराला जेवण जात नाही.

८. आता खुलासा. अर्जदाराच्या पाचही अर्जांत असे म्हटले आहे की वरच्या खोलीत दूषण आपल्या पथकाने नेले, व त्यांपैकी तीन अर्जांत बादलीचे काम करणाऱ्या बाईंनी दुकानातली बादली वर आणल्याचा स्पष्ट आरोप आहे. हा आरोप खोटा आहे. खोटा आहे हे अर्जदाराला पहिला अर्ज लिहितानाच माहीत होते.

खरे असे. दि. १२ रोजी पथक दहाला येणार होते. नातीच्या आणखी काही वस्तू घेण्यासाठी म्हणून अर्जदार आठला वर गेला. मुलगी आदल्या दिवशी घाईत गेली होती. फरशीवर खेळणी, सांडलेली पेज, धुळीत उमटलेले नातीचे पंजे. थोड्या वेळात परकी माणसे येणार, अधिकारी येणार, आणि धुलाईवाल्याच्या घरात हे दिसणार! अर्जदाराला लाज वाटली. कशालाही हात लावू नका असे बजावलेले होते, ते लक्षात होते. तरी हात शिवशिवले. मुलीचे फडके सील लागलेल्या गॅलरीत अडकले होते, म्हणून जिन्याच्या कोपऱ्यावर नेहमी उभा असतो तो दुकानाचा पोछा घेतला, त्याच्या शेजारची दुकानाचीच बादली घेतली, आणि सगळी खोली पुसून काढली. छान चकचकीत झाली. ज्या पोछ्याने आठवडाभर दुकान पुसले होते, त्याच पोछ्याने. सफाई करणारी माणसे येणार म्हणून अर्जदाराने आधी सफाई केली आणि खालची घाण स्वतःच्या हाताने वर नेऊन नातीच्या खोलीत पसरली.

दुपारी पथकप्रमुखांनी जिन्यात उभ्या असलेल्या पोछ्याला यंत्र लावले. सत्तेचाळीस. “हा कुठं वापरत होता?” असे त्यांनी विचारले. अर्जदार म्हणाला, “दुकानात.” खोटे नव्हते. पोछा पिवळ्या पिशवीत गेला. अर्जदाराला त्याच क्षणी सगळे कळले होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जदाराने सुवाच्य अक्षरात पहिली तक्रार लिहिली.

त्या तक्रारीवरून चौकशी झाली. चौकशीत बादलीवाल्या बाई अर्जदाराकडे वळून म्हणाल्या, “काका, जिना एवढा अरुंद, मी बादली वर नेलीच नव्हती. खालीच ठेवून पाण्याचे तांबे वर आणत होते. तुम्ही पायरीवर बसून बघत होता ना?” बघत होता. अर्जदाराने खिडकीबाहेर नजर वळवली आणि म्हणाला की आठवत नाही. बाईंना तीन आठवडे कामावर घेतले नाही. त्या दिवशी ज्या एकट्या बाईंनी काम काम म्हणून केले, त्यांच्यावरच अर्जदाराने ठपका लावला. वर परिच्छेद ४ मध्ये हातमोज्याने नाक पुसणाऱ्याची किळस आली असे लिहिले आहे. ती खरी आहे. पण तिच्यापेक्षा मोठी किळस अर्जदारास स्वतःची येते, आणि ती कोणत्या कार्यालयाला कळवावी हे न सुचल्याने आपल्यालाच कळवत आहे.

९. हे सर्व आपल्या कार्यालयाला सांगण्याचे कारण केवळ पश्चात्ताप नव्हे. कारण असे की खरे सांगितल्याशिवाय आपल्या पथकाला योग्य जागा मोजता येणार नाही. पथक खोलीचे खडूने नऊ चौकोन करते, प्रत्येक चौकोनाच्या मधोमध यंत्र धरते, नवांची सरासरी काढते. बादलीतून पाणी सांडले असते, तर ते कुठेही सांडले असते व ही पद्धत कदाचित चालली असती. परंतु पोछा पाणी सांडत नाही, पोछा पाणी ओढतो. अर्जदार ती खोली पहिल्यापासून एकाच रीतीने पुसतो: दारापासून सुरुवात, आडवे पट्टे, मागे मागे सरकत खिडकीच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत. फरशीला उतार तिकडेच आहे, पाणी जायचे भोकही तिथेच आहे. सगळी खोली पुसून झाली की पोछा त्या कोपऱ्यात दाबून पिळायचा. म्हणजे खोलीभर जे काही पसरले, त्याचा शेवटचा गाळ त्या दोन वितींच्या जागेत बसला असणार. नवव्या चौकोनाचा मध्य त्या जागेपासून हातभर दूर आहे. आपल्या यंत्राने तो कोपरा आजवर एकदाही पाहिलेला नाही. सरासरी आठ ज्यातून आली, त्यात तो कोपरा धरलेलाच नाही.

सकाळचे ऊन त्या कोपऱ्यात येते. म्हणून नातीचे दुपटे तिथेच अंथरलेले असते. भोकावरच्या जाळीत बोटे घालून बसणे हा तिचा आवडता उद्योग आहे.

१०. आपल्या कार्यालयाने दाखला व समाधान-पत्राची प्रत अर्जदाराच्या मुलीस ‘विस्थापित रहिवासी’ म्हणून परस्पर पाठवली. समाधान-पत्राचे फक्त पहिले, सहीचे पान पाठवले. अटीचे दुसरे पान ‘कार्यालयीन वापरासाठी’ म्हणून ठेवून घेतले. मूल राहणार नाही ही अट मुलाच्या आईलाच दाखवायची नाही, ही कल्पना ज्या कोणाला सुचली असेल त्याच्या टेबलावरचा चहाचा डाग अर्जदार आनंदाने धुऊन देईल, पण त्याच्या हातात हात देणार नाही.

मुलीचा फोन परवा आला. तिला कार्यालयाच्या दाखल्याची काडीची किंमत नाही. पहिल्या दिवसापासून तिचे एकच म्हणणे होते, “बाबा, मला कागद नका दाखवू. तुम्ही तिला त्या फरशीवर सोडाल का, एवढंच सांगा.” अर्जदार नऊ आठवडे या प्रश्नाला ‘बघू, होतंय’ असे उत्तर देत होता. परवा ती म्हणाली, “सही तुमचीच आहे ना? मग झालं. तुम्ही डागाचा कपडा कधी दिला नाहीत, मला माहिताय.” अर्जदार म्हणाला, “हो, माझीच.” एवढे बोलून फोन ठेवला. ती रविवारी, दि. १९ रोजी, सकाळच्या बसने नातीला घेऊन येणार आहे. तिचा भरवसा कार्यालयावर नाही, अर्जदाराच्या सहीवर आहे. तेवढीच एक गोष्ट त्या कागदावर खोटी आहे.

तरी अर्जदाराच्या मागण्या पुढीलप्रमाणे:

(अ) दि. ९ एप्रिलची अर्जदाराची सही मागे घेतली असे समजावे. अर्जदाराचे समाधान झालेले नाही, तेव्हाही झाले नव्हते.

(आ) उद्या, शनिवारी, वरच्या खोलीच्या खिडकीकडील डाव्या कोपऱ्याची, भोकाच्या जाळीसह, मोजणी व्हावी. यंत्र उभ्या माणसाच्या कमरेशी न धरता फरशीला टेकवून धरावे. ओला कागद घासून बघावा. मोजणाऱ्याने गुडघ्यांवर बसावे, कारण ज्या व्यक्तीसाठी हे चालले आहे तिची उंची तेवढीच आहे.

(इ) जो आकडा येईल तो तसाच लिहावा. इतर आठ चौकोनांत मिसळू नये, व त्याच्या शेजारी ‘पुरेसे’ हा शब्द लिहू नये. पुरेसे कोणाला, हे ठरवण्याचा अधिकार आकडा वाचल्यावर मुलीला राहील. स्वच्छ म्हणजे शून्य असा अर्जदाराचा हट्ट नाही. शून्य कुठेच नसते, पांढऱ्या शुभ्र सदऱ्यालाही उन्हात धरले की काहीतरी दिसतेच, हे धुलाईवाल्याइतके कोणाला ठाऊक? हट्ट एवढाच की जे राहिले आहे ते लपवू नये.

(ई) कोपऱ्याच्या फरश्या उखडाव्या लागल्यास अर्जदाराची संमती आहे. खोली कायमची बंद करावी लागली तरी हरकत नाही. दूषण अर्जदाराच्या चुकीने पसरल्याचे कारण देऊन कार्यालयाने हात झटकल्यास अर्जदार स्वतः छिन्नी घेऊन बसेल, फक्त त्या फरश्या कुठे टाकाव्यात ते सांगावे. फुटपाथवर टाकणार नाही.

(उ) बादलीचे काम करणाऱ्या बाईंवरील ठपका काढून त्यांच्या कागदांत तसे लिहावे, व त्यांना हा अर्ज वाचायला द्यावा. उद्याच्या मोजणीला त्या आल्या तर बरे होईल. न आल्या तर त्यांची चूक नाही.

महोदय, आपण या खुर्चीवर बसून दिवसाला अनेक जागा स्वच्छ ठरवत असाल. अर्जदाराचे आपल्याशी वैर नाही. अकरा आणि नऊ यांच्या मध्ये कुठेतरी कोणालातरी रेघ ओढावीच लागते, हे त्यालाही कळते. पण रेघ जमिनीवर ओढलेली असावी, रकान्यात नव्हे. आणि ज्याने पोछा फिरवला त्याने तोंड उघडल्याशिवाय जगातले कोणतेही यंत्र योग्य कोपऱ्यात पोचत नाही, हेही अर्जदार शिकला आहे. उशिरा शिकला, याची लाज आहे.

उद्या दहाच्या सुमारास अर्जदार जिन्याच्या तोंडाशी थांबेल. काहीही पुसलेले नसेल.

आपला, अजूनही नम्र,

(सही)
धुलाई व इस्त्री दुकानाचा चालक

सोबत:
१) समाधान-पत्राचे पान १ व पान २ (दोन्ही).
२) वरच्या खोलीचा नकाशा, अर्जदाराने हाताने काढलेला. पोछा फिरवल्याची दिशा बाणांनी दाखवली आहे.
३) पूर्वीचे पाचही अर्ज, खोट्या ओळींखाली लाल शाईने रेघ मारून.

प्रत माहितीसाठी:
१) बादलीचे काम करणाऱ्या बाई, आपल्या कार्यालयामार्फत.
२) अर्जदाराची मुलगी, पान २ सह. (हा शेरा अर्ज दाखल करताना हाताने लिहिला आहे: ही प्रत अर्जदाराने आज सकाळी मेहुणीकडे जाऊन समक्ष दिली. मुलीने उंबऱ्याच्या आत उभी राहून सगळी पाने वाचली, रांगत अर्जदाराकडे निघालेल्या नातीला उचलून कडेवर घेतले आणि दार लावून घेतले. पोच मिळाली असे समजावे.)